मोडलेला डाव पुन्हां मांडतांना

आरंभाचा उत्साह आणि समाप्तीचा आनंद हे दोन्ही जगाच्या परिचयाचे आहेत. ग्रंथाच्या आरंभीं मंगलाचरण असतें आणि शेवटीं फलश्रुति असते. परंतु हातचें काम मध्येंच सुटून कांहीं महिने अथवा वर्षें लोटल्यावर तें पुन्हां हातीं घेण्याचा जो प्रसंग येतो, त्यासाठीं आधुनिक व्यवसायांत ना मंत्र आहे, ना मुहूर्त. आरंभ करणाऱ्यास लोक आशीर्वाद देतात, पुरें करणाऱ्यास शाबासकी देतात. पुन्हां सुरू करणाऱ्याकडे मात्र संशयानें पाहतात, आणि हळूहळू तोही स्वतःकडे तसाच पाहूं लागतो.

आमच्या पूर्वजांनीं ही अडचण ओळखली होती. श्रावणी आपल्या घरांतून अद्याप होते. परंतु तिचा मूळ अर्थ आपण जवळजवळ विसरलों आहों. वेदाध्ययन बारा महिने अखंड चालावें अशी योजना गृह्यसूत्रांत नाहीं. श्रावणांत उपाकर्म करून अध्ययनास प्रारंभ करावयाचा, साडेचार ते सहा महिने तें चालवावयाचें, आणि पौष-माघांत उत्सर्जन करून विधिपूर्वक थांबवावयाचें, असा क्रम होता. शिवाय प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी इत्यादि तिथींस अनध्याय असे तो वेगळाच. आज बहुतेक घरांत उत्सर्जन व उपाकर्म एकाच दिवशीं उरकलीं जातात, त्यामुळें मधलें अंतर आणि त्याबरोबर त्यांतील मर्महि नाहींसें झालें आहे. तें मर्म असें कीं, थांबणें हा दोष नव्हे. केव्हां थांबलों हें न ठरवितां थांबणें, आणि केव्हां उठावयाचें हें न ठरवितां बसून राहणें, हा दोष होय.

हा विचार लिहिण्यास एक अगदीं नव्या धाटणीचा व्यवसाय कारण झाला आहे. संगणकावर आणि मोबाईलवर खेळावयाचे खेळ स्वतः रचणारे तरुण आतां आपल्या घरांतून दिसूं लागले आहेत. मोठ्या कंपनींत शेंकडों माणसें मिळून जें काम करतात, तें हे एकटे अथवा तिघे-चौघे मिळून करतात. अशा खेळांस ‘इंडी’ असें नांव पडलें आहे. आपण या मंडळींस स्वतंत्र खेळकर्ते म्हणूं. एका खेळांत आज्ञावली लिहावी लागते, चित्रें काढावीं लागतात, संगीत योजावें लागतें, कथा गुंफावी लागते आणि खेळणाऱ्याच्या मनाचा अंदाज घ्यावा लागतो. तीन-चार तासांत खेळून संपणारा खेळ रचावयास तीन-चार वर्षें लागणें हें या धंद्यांत नवल नाहीं. इतक्या दीर्घ काळांत आजारपण, लग्नकार्य, पैशाची ओढ, यांपैकीं कांहींच आडवें येणार नाहीं, असें कोण म्हणेल?

येथें वडीलधाऱ्या मंडळींचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘गेम’ हा शब्द कानीं पडतांच पैसे लावून खेळावयाचा जुगार त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. जुगाराची धास्ती रास्तच आहे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा संमत केला, त्यानेंच हा भेद स्पष्ट केला आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर त्यानें बंदी घातली, आणि करमणुकीचे, शिक्षणाचे व कौशल्याच्या स्पर्धांचे खेळ यांस उत्तेजन देण्याचें धोरण मान्य केलें. सोंगट्यांचा पट कोरणारा कारागीर आणि पटावर घर लावणारा जुगारी हे दोघे एक नव्हेत. तसेंच हें आहे.

आमच्या मालगुंडांत एका घरीं असा एक तरुण आहे. पुण्यास संगणकाची नोकरी करीत असतां त्यानें रात्रीं जागून एक खेळ रचावयास घेतला, आणि पुढें नोकरी सोडून दीड वर्ष त्याच कामास वाहिलें. एका लहानशा होडीनें भरती-ओहोटी सांभाळीत एकेक खाडी ओलांडावयाची, असा तो खेळ. इतक्यांत वडील आजारी पडले म्हणून तो गांवीं आला. आजार चार महिने चालला. त्यापाठोपाठ आंब्याचा हंगाम आला, मग पाऊस लागला. वडील बरे झाले, परंतु मुलाचा संगणक मिटलेलाच राहिला. काका म्हणूं लागले कीं, पुन्हां नोकरी धरावी. आई कांहींच बोलेना. तो मला म्हणाला, “सर, खेळ मला नावडता झालेला नाहीं. पण तें काम उघडलें कीं हात थांबतो.” या एका वाक्यांत आळसाची कबुली कोणी पाहील. मला तींत तसें कांहीं दिसलें नाहीं.

योगसूत्रांत पतंजलींनीं चित्ताचे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांची गणना करतांना त्यांनीं व्याधि, स्त्यान, संशय आणि आलस्य हीं वेगवेगळीं मानलीं आहेत, हें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. आपण या सर्वांस सरसकट ‘आळस’ म्हणून मोकळे होतों, आणि एकाच काढ्यानें चारही रोग बरे करूं पाहतों. म्हणून ज्याचें काम अडलें असेल त्यानें प्रथम निदान करावें.

पहिला अंतराय व्याधि. शरीर थकलें असतां मनास बोल लावणें व्यर्थ होय. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाचा ध्यास घेतला तेव्हां रोज चार-चार पांच-पांच तास चित्रपट पाहून आणि रात्रीं जागून प्रयोग करून त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली होती. वैद्यकीय उपचारांनीं ती परत आली, तेव्हां कोठें पुढचें पाऊल पडलें. कुटुंबांतील आजारपणांत रात्रीं जागलेल्या मुलानें पहिले पंधरा दिवस झोप भरून काढावी. तो त्याचा अनध्याय समजावा.

दुसरा अंतराय स्त्यान, म्हणजे चित्ताची अकर्मण्यता. इच्छा असते, शरीरही धड असतें, पण बुद्धि कामास लागत नाहीं. संगणकाच्या कामांत याचें कारण बहुधा साधें असतें. सहा महिन्यांपूर्वीं स्वतःच लिहिलेली आज्ञावली परक्यानें लिहिल्यासारखी वाटते. कोणता धागा कोठें बांधला होता हें आठवत नाहीं, आणि जेथें आठवण नाहीं तेथें हात उचलत नाहीं. यावर उपाय सिंहावलोकनाचा. सिंह चार पावलें गेला कीं मागें वळून पाहतो, तसें करावें. पहिल्या आठवड्यांत नवें एक अक्षरही लिहूं नये. अर्धा झालेला खेळ स्वतः खेळावा आणि जेथें अडखळेल तेथें वहींत टिपण करावें. ‘गिट’ नांवाच्या साधनांत प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहते. ती रोजनिशीसारखी वाचून काढावी, म्हणजे आपण कोठवर आलों होतों हें उमगतें. ज्या इंजिनावर खेळ बांधला असेल, मग तें युनिटी असो, गोडो असो कीं अनरियल, त्याची नवी आवृत्ति मधल्या काळांत निघालेली असते. ती पहिल्याच दिवशीं घालूं नये. घर झाडून काढण्याआधींच भिंती पाडल्या तर राहावयाचें कोठें? आठवड्याच्या शेवटीं एक बारीकशी चूक दुरुस्त करावी. एखाद्या होडीचा रंग, एखाद्या अक्षराचा आकार. त्यानें खेळ पुढें सरकत नाहीं, पण हात सरकतो.

तिसरा अंतराय संशय. हा सर्वांत बुद्धिमान शत्रु होय, कारण त्याच्या बाजूनें आंकडे असतात. संगणकावरील खेळ विकणारी ‘स्टीम’ ही मोठी बाजारपेठ आहे. तिच्यावर एकट्या २०२४ सालीं १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. इतक्यांत माझा कोण पाहणार, हा प्रश्न खोटा नाहीं. परंतु त्याचें उत्तर खोलींत एकट्यानें बसून मिळत नाहीं. खेळाचा एक तुकडा पुरा करून तो लोकांपुढें ठेवला म्हणजे मिळतें. फाळक्यांस चित्रपटासाठीं कोणी भांडवल देईना, तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिनाभर थोडीं थोडीं चित्रें घेऊन, अंकुर फुटून वेल वाढतो असा सुमारें एका मिनिटाचा चित्रपट १९१२ सालीं तयार केला. तो पाहून पैसा उभा राहिला, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पुरा चित्रपट कसा होईल याचा संशय वाटाण्याच्या वेलानें फेडला. खेळकर्त्यानेंही वीस खाड्यांचा विचार सोडून एक खाडी अशी सजवावी कीं, ती खेळणाऱ्यास पुरी वाटेल.

अलीकडचें उदाहरण पुण्याचें आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीनें आपल्या पुराणकथांच्या आधारें ‘राजी’ नांवाचा खेळ रचावयास घेतला. २०१७ सालीं ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणी मागितली, ती ठरल्या रकमेपर्यंत पोहोंचली नाहीं, आणि तेथील नियमाप्रमाणें त्यांच्या हातीं कांहींच आलें नाहीं. कोणाचाही धीर सुटावा असा हा प्रसंग. त्यांनीं तयार झालेला तुकडा मात्र टाकून दिला नाहीं. तो दाखवीत राहिले, पदरमोड केली, पुढें प्रकाशक मिळाला. २०२० सालीं खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत उत्तम पहिल्या कृतीसाठीं त्याचें नामांकन झालें. लोकांनीं वर्गणी दिली नाहीं, एवढ्यावरून लोकांस खेळ नको आहे असा निकाल त्यांनीं काढला असता, तर तो निकाल चुकीचा ठरला असता.

चौथा अंतराय आलस्य. जडपणामुळें सुरुवातच न होणें. यास प्रेरणेची वाट पाहणें हें औषध नव्हे. वेळ ठरवावी, आणि ती लहान ठरवावी. रोज सकाळीं चहा झाल्यावर पाऊण तास. त्याहून अधिक नको. मारिया ओव्ह्स्यान्किना या विदुषीनें १९२८ सालीं बर्लिन येथील प्रयोगांवरून असें दाखविलें कीं, हातांतील काम मध्येंच तोडलें असतां माणूस संधि मिळतांच आपण होऊन त्याकडे वळतो. म्हणून रोजचें काम मुद्दाम अर्ध्यावर सोडावें आणि उद्यांचें पहिलें पाऊल एका ओळींत लिहून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं ती ओळच हात धरून आंत नेते.

नऊ अंतरायांतील शेवटचा अनवस्थितत्व, म्हणजे गांठलेल्या जागीं न टिकणें. पुन्हां सुरुवात केलेला मनुष्य तीन दिवस उत्साहानें काम करतो, चौथ्या दिवशीं त्यास एक नवीनच खेळ सुचतो आणि जुना पुन्हां अडगळींत जातो. नवी कल्पना सदैव सुंदर दिसते, कारण तिच्यांत अजून चुका झालेल्या नसतात. तिला अगदींच झिडकारूं नये. तिची हौस अल्प मुदतींत पुरवावी. ‘लुडम डेअर’ नांवाची स्पर्धा २००२ पासून चालत आली आहे. तींत ४८ तासांत एकट्यानें खेळ पुरा करावयाचा असतो. २००९ पासून ‘ग्लोबल गेम जॅम’ हा मेळा जानेवारींत भरतो. अशा ठिकाणीं दोन दिवसांत एक वेडावांकडा खेळ पुरा झाला, तरी ‘मी पुरें करूं शकतों’ ही विसरलेली गोष्ट आठवते, आणि मग मूळ कामाकडे परतावें.

मोठमोठ्या कर्त्यांसही हा खंड चुकलेला नाहीं. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानें ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें रचून २०१६ सालीं प्रसिद्ध केला; २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यानेंच २०२१ सालीं दुसऱ्या खेळाची घोषणा केली, आणि पहिल्या खेळाची मोठी सुधारणा करण्यासाठीं तो दुसरा खेळ बाजूस ठेवला. ती सुधारणा मार्च २०२४ मध्यें निघाली, आणि मग तो पुन्हां दुसऱ्याकडे वळला. संगणकशास्त्राचे महापंडित डोनाल्ड क्नूथ यांची कथा याहून मोठी आहे. त्यांच्या ग्रंथमालेचा तिसरा खंड १९७३ सालीं निघाला. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून, त्यांतील छपाई न आवडल्यामुळें, त्यांनीं संगणकानें गणिती ग्रंथ जुळविण्याची स्वतःची पद्धति रचावयास घेतली. वर्षभरांत होईल असें वाटलेलें तें काम सुमारें दहा वर्षें चाललें. चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ सालीं प्रसिद्ध झाला, आणि मधल्या खंडांतून जन्मलेली ती ‘टेक’ पद्धति जगभर वापरली जाते.

परंतु आमच्या मतें या विषयाचा खरा धडा पुनः फाळक्यांच्याच चरित्रांत आहे. ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाल्यावर भागीदारांशीं त्यांचें पटेना. १९१९-२० च्या सुमारास तें सर्व सोडून ते कुटुंबासह काशीस जाऊन राहिले आणि तेथें ‘रंगभूमि’ नांवाचें नाटक लिहिलें. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर यांनीं परत येण्याविषयीं पत्र लिहिलें, तेव्हां त्या धंद्यापुरते आपण मेलों आहों, अशा अर्थाचें उत्तर आलें. कोल्हटकरांनीं तें छापलें. त्यावर वाचकांचीं पत्रें आलीं. तीं सर्व त्यांनीं प्रसिद्ध केलीं आणि काशीस धाडलीं. १९२२ सालीं फाळके नाशिकास परतले, आणि पुढें अनेक चित्रपट त्यांच्या हातून झाले. त्या वाचकांनीं त्यांस शिस्तीचा उपदेश केला नाहीं कीं वेळापत्रक आंखून दिलें नाहीं. तुमचें काम आम्हांस हवें आहे, एवढेंच कळविलें. आंतली प्रेरणा विझते तेव्हां बाहेरून असा एखादा निखारा द्यावा लागतो.

हा निखारा देण्याचें सामर्थ्य एकत्र कुटुंबाइतकें दुसऱ्या कोठेंही नाहीं. मुंबई-पुण्यास एकट्या खोलींत राहणाऱ्या खेळकर्त्यास आपला खेळ दाखविण्यास अनोळखी माणसें शोधावीं लागतात. आपल्या घरांत सात वर्षांच्या पुतण्यापासून सत्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत सारे परीक्षक एका ओटीवर बसलेले असतात. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं फिल्मला छिद्रें पाडण्यापासून सर्व मंडळींच्या जेवणापर्यंत सारें सांभाळलें. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला आणि मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्यें कृष्ण झाली. सर्वांनीं इतकें करावें असें नाहीं. परंतु ‘कधीं संपणार?’ या प्रश्नाऐवजीं ‘आज काय केलेंस तें दाखव’ एवढें म्हणण्यास पैसा लागत नाहीं. पहिला प्रश्न ऐकून मुलगा दार लावून घेतो. दुसरा ऐकून तो संगणक ओटीवर आणतो.

आमच्या होडीच्या खेळाचें तसेंच झालें. एके दिवशीं घरांतील तीन मुलांनीं तो खेळावयास मागितला. दुसऱ्या खाडींत होडी रुतली कीं मुलें चिडत आणि तिसऱ्या खाडीपर्यंत कोणी जाईना. पण भरतीचें पाणी वर चढतांना मात्र सगळींच टाळ्या पिटीत. जें कर्त्यास क्षुल्लक वाटत होतें तेंच मुलांस हवें होतें. त्यानें बारा खाड्यांच्या चार केल्या आणि भरतीचा भाग वाढविला. काम लहान झालें आणि पुरें होण्याजोगें दिसूं लागलें.

काकांच्या प्रश्नासही उत्तर द्यावयास हवें होतें, कारण तो कंजूषपणाचा नव्हता. घरचा पैसा सर्वांचा असतो, आणि एकाच्या ध्यासासाठीं इतरांनीं अनिश्चित काळ ओढग्रस्त राहावें हा न्याय नव्हे. म्हणून मुदत ठरली: श्रावणीपासून मकरसंक्रांतीपर्यंत. तोंवर खर्चाची एक रक्कम, बागेच्या कामांतील त्याचा वांटा, आणि सकाळचा वेळ त्याचा स्वतःचा. संक्रांतीस चार खाड्या पुऱ्या झाल्या तर खेळ बाजारांत मांडावयाचा. न झाल्या तर नोकरी धरावयाची आणि खेळाचें उत्सर्जन करावयाचें. उत्सर्जन म्हणजे फेकून देणें नव्हे. आज्ञावली नीट बांधून ठेवावी, काय साधलें व काय राहिलें याचें टांचण सोबत ठेवावें, आणि पुढें उपाकर्म करावयाचें झालें तर दार उघडें ठेवावें. निकाल कोणताही लागो, या मुदतीनें त्याच्या मनावरचा अर्धा भार उतरला आहे. कारण आतां थांबणेंही त्याच्या हातचें आहे.

या गांवीं १८६६ सालीं जन्मलेल्या केशवसुतांचें स्मारक पाहावयास पुष्कळ लोक येतात. शिक्षकी पेशांत गांवोगांव फिरत, अडचणींत दिवस काढीत, त्यांनीं सव्वाशेंहून थोड्या अधिक कविता लिहिल्या. १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें त्यांचें निधन झालें तोंवर त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. पुढें तो इतरांनीं काढला. मधल्या काळांत त्यांचें काम किती वेळां अडलें असेल आणि किती वेळां त्यांनीं तें पुन्हां हातीं घेतलें असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. राहिल्या त्या कविता. प्रत्येक घरांतून केशवसुत निघत नाहीं, आणि प्रत्येक खेळ जगांत खपत नाहीं, हें खरें. परंतु ज्याच्या घरीं एखादें अर्धें राहिलेलें काम धूळ खात पडलें असेल, मग तो संगणकावरील खेळ असो, सुनेची सोडलेली सतार असो, कीं आजोबांचा अपुरा कोश असो, त्यानें येत्या श्रावणीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आज सायंकाळीं दिवे लागल्यावर तें काम ओटीवर आणवावें, आणि कोणताही उपदेश न करतां, तें आपणांस दाखविण्यास सांगावें.